तंबाखू आणि हिरड्यांचे मौन

तंबाखूने युरोपात पाऊल टाकले ते बव्हंशी औषध म्हणून. सेव्हिल येथील वैद्य निकोलास मोनार्देस याने 1571 साली अमेरिकेतील वनस्पतींविषयी लिहिताना तिचे गुण मोठ्या भक्तिभावाने वर्णिले. दातदुखीवरील उपायही त्यांत होता. आपल्याकडे भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांस लावण्याचा जो प्रघात पडला, त्याच्या मुळाशीही तंबाखूने दात निरोगी राहतात हीच समजूत होती. तिला भोळेपणा म्हणून हसून चालणार नाही. निदान धूर ओढणाऱ्याच्या बाबतीत तरी तिला अनुभवाचा आधार होता, कारण त्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. हा आधार फसवा आहे, हे कळावयास मात्र फार काळ लागला.

हिरड्या सुजतात, रक्त व पू येतो, दाताभोवतालचे हाड झिजते आणि अखेर दात हलू लागतो. या रोगास आपले लोक पायोरिया म्हणत आले आहेत. हार्टफर्ड येथील अमेरिकन दंतवैद्य जॉन रिग्ज याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे प्रतिपादिले की, दातांवर साचणारे कीटण हेच याचे मूळ असून ते खरवडून काढणे हाच उपाय होय. हा विचार इतका सयुक्तिक होता की, पुढे तंबाखूचा दोषही त्याच चौकटीत बसविण्यात आला. 1947 साली डेन्मार्कच्या येन्स पिंडबोर्ग याने हिरड्यांचा व्रणयुक्त दाह आणि तंबाखू यांचा संबंध आकड्यांनी दाखविला, तेव्हा त्याने कीटणाचाही विचार केला होता. मग लोकांनी सोपा निष्कर्ष काढला : तंबाखूने दात घाण होतात आणि घाणीने हिरड्या बिघडतात. (याच पिंडबोर्गने पुढे डॉ. फली मेहता प्रभृतींसमवेत पुणे जिल्ह्यातील लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडांच्या तपासणीत भाग घेतला. त्याचा अहवाल 1972 साली निघाला. परंतु तेथे शोध मुखकर्करोगाचा होता.)

हा सोपा निष्कर्ष स्वीडनमध्ये डळमळला. यान बेर्गस्ट्रॉम व त्याच्या सहकाऱ्याने 1983 साली जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतील एक धूम्रपान करणारे, दुसरे त्यापासून दूर असलेले. हाडाची झीज ओढणाऱ्याकडे अधिक आढळली. दात सारखेच अस्वच्छ असले तरी ओढणाऱ्याच्या हिरड्या कमी लाल व कमी रक्ताळ दिसतात, हेही अशा निरीक्षणांतून स्पष्ट होत गेले. रक्त येणे ही शरीराने दिलेली हाक आहे. धुराने ती हाक दबते, आत मात्र हाड झिजतच राहते.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर लागते. हिरडी सोडवून दातांची मुळे स्वच्छ करावयाची व ती पुन्हा टाक्यांनी बसवावयाची, अशी ही शस्त्रक्रिया असते. प्रेबर व बेर्गस्ट्रॉम यांनी 1990 साली तिचा वर्षानंतरचा परिणाम मोजून मांडला. न ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतील खळगे सरासरीने सुमारे सव्वा मिलिमीटर भरून आले. ओढणाऱ्यांचे केवळ पाऊण मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाचकांस वाटेल. पण दात टिकणे न टिकणे कधी कधी एवढ्याशा अंतरावर अवलंबून असते. जखम भरण्यास नव्या रक्तवाहिन्या लागतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी लागतात, मुळास घट्ट चिकटणारे तंतू विणणाऱ्या पेशी लागतात. धूर या तिन्हींच्या कामात अडथळा आणतो. मग शस्त्रवैद्य कितीही निष्णात असो, त्याने साधलेले काम रोगी घरी जाऊन रोज थोडे थोडे उसवीत बसतो.

अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीवरून 2000 साली असे दाखविण्यात आले की, तेथील प्रौढांतील या रोगाचा निम्म्याच्या आसपास वाटा आजच्या वा पूर्वीच्या सिगारेटींकडे जातो. आणि सोडून अकरा वर्षे झालेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे मात्र चमत्कारिक असतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे दिसले की, दात पूर्वीपेक्षा स्वच्छ असूनही हिरड्यांतून रक्त अधिक येऊ लागते. पुष्कळ जण हे पाहून घाबरतात व सिगारेटच बरी होती असे म्हणतात. आरशात दिसणारे ते रक्त म्हणजे हिरड्यांना पुन्हा फुटलेला कंठ आहे, हे त्यांना दंतवैद्याने आधीच सांगून ठेवावयास हवे.