संगणकाची हजेरी : 'पीएस' या दोन अक्षरी आज्ञेचा इतिहास

१/ टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर 'पीएस' ही आज्ञा दिली, की त्या क्षणी यंत्रात कोणकोणती कामे चालू आहेत त्यांची यादी समोर येते. दिसायला ही साधी हजेरी. पण तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न जुना आहे. त्याचाच हा थ्रेड. 🧵

२/ हजेरीची गरज का पडली? आरंभीची यंत्रे एका वेळी एकच काम करीत. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' ही प्रणाली दाखवली. यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून तो अनेकांना देता येऊ लागला. आता आत कोण आहे, हे विचारणे भाग होते.

३/ १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. तेथे चालू असलेल्या कार्यक्रमाला 'प्रोसेस' म्हणत, आणि प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असे : पीआयडी. १९७३ च्या सुमारास 'प्रोसेस स्टेटस' म्हणजेच 'पीएस' ही आज्ञा अवतरली.

४/ ही यादी म्हणजे एक वंशावळही आहे. प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसपासून जन्मते. मूळपुरुष म्हणजे क्रमांक १, 'इनिट'. कोणी धावत असते, कोणी निजलेले असते. जी संपली, पण जिच्या अंताची नोंद जनकाने अद्याप घेतली नाही, ती 'झॉम्बी'.

५/ ही माहिती 'पीएस' मिळवी कोठून? थेट कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतीतून. यात दोन दोष होते. कर्नलची अंतर्गत मांडणी बदलली, की जुनी 'पीएस' भलतेच वाचे. शिवाय त्यासाठी विशेष अधिकार लागत. आणि ती स्मृती ज्याला वाचता येई, त्याला इतरांची गुपितेही वाचता येत.

६/ १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी 'प्रोसेसेस अ‍ॅज फाइल्स' या निबंधात उपाय मांडला : प्रत्येक प्रोसेस ही 'प्रॉक' नावाच्या निर्देशिकेतील एक फाइल म्हणून दिसावी. युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत हे साकारले. पुढे ही कल्पना लिनक्सने स्वीकारली. तेथील 'पीएस' आजही 'प्रॉक'च वाचते.

७/ दरम्यान युनिक्सची दोन घराणी झाली होती : एटी अँड टी आणि बर्कली. एकाची रीत 'पीएस -ईएफ', दुसऱ्याची 'पीएस एयूएक्स'. लिनक्सवर दोन्ही चालतात. एकाच कामाच्या या दोन बोली म्हणजे त्या फाटाफुटीची आजवर टिकलेली खूणच.

८/ मग आली २ नोव्हेंबर १९८८ ची रात्र. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' इंटरनेटवर पसरला. यंत्रे मंदावली. पण यादीत संशयास्पद नाव दिसेना, कारण वर्मने स्वतःचे नाव बदलून 'एसएच' केले होते. हे नाव रोजच्या वापरातील शेलचे. कोणाला शंका येणार?

९/ वापरलेला वेळ आणि क्रमांक मात्र त्याला खोटे सांगता येत नव्हते. ती नोंद कर्नलच्या हाती. म्हणून तो ठरावीक काळाने स्वतःची प्रत जन्मास घाली आणि मूळ प्रोसेस संपवी. नवा क्रमांक, आणि वेळेचा हिशेब पुन्हा शून्यापासून.

१०/ म्हणजे एकाच ओळीत दोन प्रकारचे पुरावे असतात. क्रमांक, जनक, वेळ : ही दप्तरातील नोंद. नाव : हे प्रोसेसने स्वतःविषयी दिलेले निवेदन. अस्सल कागद आणि आत्मस्तुती यांतला हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. आणि दप्तरदारच, म्हणजे कर्नलच, फितूर झाला तर? 'रूटकिट' नेमके तेच घडवतात. मग त्या यंत्रातली कोणतीच हजेरी खरी मानता येत नाही, साक्ष बाहेरून काढावी लागते.