कुंपणाचे खांब उपटणारा बिल पॉवेल : क्लिअरव्ह्यू गोल्फ कोर्सची गोष्ट

आजचा भाग जरा वेगळ्या खेळावर आहे. गोल्फ. आता लगेच पुढे ढकलू नका, थांबा जरा. मला माहितीये, गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते. उंच भिंत, आत हिरवंगार गवत, गेटवर वॉचमन, आणि आत कोण जातं तर ज्यांच्याकडे मेंबरशिप आहे ते. आपण बाहेरून रिक्षातून जाताना बघायचं आणि म्हणायचं, आपलं काम नाही हे.

पण हे 'आपलं काम नाही' कोण ठरवतं? आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्याला हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून आयुष्यभर ऐकावं लागलं. आणि त्याने काय केलं? त्याने स्वतःच्या हातांनी एक गोल्फ कोर्स बांधला आणि गेट सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. पुढे त्याच्या मुलीने त्याच गवतावर नवख्या लोकांना शिकवायला घेतलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली ही गोष्ट आहे.

कॅडी पोरगा

बिल पॉवेलचा जन्म १९१६ सालचा, अलाबामा राज्यातल्या ग्रीनव्हिल गावातला. गुलामीत जगलेल्या आजोबांचा हा नातू. बिल लहान असतानाच घरचे उत्तरेला, ओहायोतल्या मिनर्व्हा नावाच्या छोट्या गावात आले. तिथे जवळच एक गोल्फ कोर्स होता. नऊ-दहा वर्षांचा बिल तिथे कॅडी म्हणून जायला लागला.

कॅडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. गोल्फ खेळणाऱ्याची काठ्यांची जड पिशवी उचलून त्याच्यासोबत मैलोन्‌मैल चालणारा. पण कॅडी फक्त हमाल नसतो हं. चेंडू कुठे पडला, वारा कुठून आहे, हिरवळीचा उतार कुठल्या बाजूला आहे, हे सगळं तो बघत असतो. ज्यांना फी भरून गोल्फ शिकणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी शिकायचा रस्ता बहुतेक वेळा हाच असायचा. बिलही असाच शिकला. बघून, चालून, उरल्यासुरल्या वेळात चेंडू मारून.

शाळेत तो गोल्फ आणि फुटबॉल दोन्ही खेळला. मग विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात गेला. त्यांच्या टीमने ओहायो नॉर्दर्न या गोऱ्या विद्यापीठाच्या टीमशी गोल्फचा सामना खेळला. कॉलेज पातळीवर काळे आणि गोरे एकमेकांविरुद्ध गोल्फ खेळल्याचा अमेरिकेतला हा पहिला सामना मानला जातो.

युद्ध संपलं, मग?

दुसऱ्या महायुद्धात बिल अमेरिकन सैन्यातून इंग्लंडला गेला. तिथे सुट्टीच्या दिवशी त्याला ब्रिटनमधल्या कोर्सवर खेळायला मिळालं. कुणी अडवलं नाही. परक्या देशात हा माणूस अंगावर गणवेश घालून मोकळेपणाने गोल्फ खेळत होता.

१९४६ साली तो घरी परतला. ज्या देशासाठी लढायला गेला होता, त्याच देशात. आणि गोल्फ खेळायला गेला, तर त्याला सांगण्यात आलं की इथे तुझं काम नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ओहायो हे उत्तरेकडचं राज्य. तिथे दक्षिणेसारखे वेगळ्या नळांचे, वेगळ्या बाकांचे कायदे नव्हते. म्हणजे कागदावर मनाई कुठेच नाही, पण प्रत्यक्षात दार बंद. असलं दार उघडणं जास्त कठीण असतं, कारण भांडायचं कुणाशी हेच कळत नाही.

मग बिलने ठरवलं, यांच्या दारात उभंच राहायचं नाही. आपणच कोर्स बांधू.

त्यासाठी पैसे हवेत. सैनिकांसाठी सरकारने १९४४ साली एक कायदा केला होता, 'जीआय बिल' नावाचा. युद्धावरून आलेल्यांना घर, शेती, धंद्यासाठी कर्ज मिळावं, सरकार त्याची हमी घेईल, अशी ती योजना. कागदावर गोऱ्या-काळ्यांत फरक नव्हता. पण कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणार कोण? गावातली बँक. एकच आकडा सांगतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. १९४७ साली मिसिसिपी राज्यात या योजनेखाली ३,२२९ कर्जं मंजूर झाली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? दोन. शंभरात दोन नाही, एकूण दोन.

बिललाही हे कर्ज मिळालं नाही. शेवटी दोन कृष्णवर्णीय डॉक्टर भागीदार म्हणून पुढे आले, आणि बिलच्या भावाने स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले. त्यातून ईस्ट कँटन गावाजवळ ७८ एकरांचं एक जुनं डेअरी फार्म विकत घेतलं.

दिवसा गवत, मग ड्यूटी

विचार करा, कोर्स बांधायचा म्हणजे काय काय करावं लागतं. आज बुलडोझर येतात, डिझायनर येतात, पाण्याची पाइपलाइन येते. बिलकडे यातलं फार काही नव्हतं. शेतात कुंपणाचे खांब होते, ते त्याने उपटून काढले. दगड वेचले. झुडपं तोडली. गवताचं बी हाताने पेरलं. बायको मार्सेला सोबत होती. आणि हे सगळं नोकरी सांभाळून, बरं का. कँटनमध्ये टिमकेन नावाची बेअरिंग बनवणारी मोठी कंपनी आहे, तिथे तो सुरक्षारक्षक होता. दिवसभर शेतात राबायचं आणि मग ड्यूटीवर जायचं.

१९४८ साली नऊ होलचा कोर्स तयार झाला. नाव ठेवलं क्लिअरव्ह्यू. कृष्णवर्णीय माणसाने स्वतः आखलेला, बांधलेला, स्वतःच्या मालकीचा आणि स्वतःच चालवलेला हा अमेरिकेतला पहिला गोल्फ कोर्स.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बिलने सूड म्हणून 'फक्त काळ्यांसाठी' अशी पाटी लावली नाही. गोरे, काळे, बायका, गिरणी-कारखान्यातले कामगार, कुणीही या. वर्षभराची मेंबरशिप लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. त्या दिवसाचे पैसे भरा आणि खेळा.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत कोर्सची नासधूस झाली. पॉवेल कुटुंब दुरुस्ती करायचं आणि पुन्हा गेट उघडायचं.

आजूबाजूला तेव्हा काय चाललं होतं, तेही बघू. १९५१ साली अटलांटा शहरात होम्स नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला महापालिकेच्या गोल्फ कोर्सवरून परत पाठवलं गेलं. म्हणजे ज्या कोर्सचा खर्च त्यांच्याही करातून व्हायचा, तिथून! ते कोर्टात गेले. प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. क्लिअरव्ह्यूचं गेट त्याच्या सात वर्षं आधीपासून उघडं होतं.

शिकवणारच नसेल तर?

आता मुद्दा येतो शिकवण्याचा. अमेरिकेत गोल्फ शिकवणाऱ्या व्यावसायिकांची मोठी संघटना आहे, पीजीए. क्लबवर जो 'प्रो' असतो, जो धडे देतो, तो बहुतेक वेळा या संघटनेचा सभासद असतो. या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून एक कलम होतं की सभासद फक्त गोऱ्या वंशाचेच असतील. हे कलम निघालं १९६१ साली. चार्ली सिफर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू आणि कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅनली मोस्क यांनी लावून धरलं, तेव्हा कुठे.

याचा परिणाम बघा. तुमच्यासारखा दिसणारा एकही शिक्षक क्लबवर नाही. मग तुमच्या पोराला तिथे कोण पाठवणार? खेळाडूंना रोखलं की एक पिढी जाते, शिक्षकांना रोखलं की पुढच्या पिढ्या अडतात.

बिलच्या घरात मात्र शिक्षक होता. त्याची मुलगी रेने, जन्म १९४६ चा. म्हणजे ती आणि कोर्स जवळपास एकत्रच वाढले. तीन वर्षांची असताना बापाने तिच्या हातात छोटी काठी दिली. १९६७ साली ती एलपीजीए, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरवर पोहोचली. तिच्याआधी तिथे पोहोचलेली कृष्णवर्णीय बाई एकच, अल्थिया गिब्सन. हो, तीच विम्बल्डन जिंकणारी.

टूरवरचे दिवस सोपे नव्हते. हॉटेलात खोली नाकारली जायची. धमकीची पत्रं यायची. अशा वातावरणात रेने तेरा वर्षांत २५० हून जास्त स्पर्धा खेळली. जरा कल्पना करा, शांतपणे श्वास धरून पट मारायचा आहे, आणि खिशात मारून टाकण्याची धमकी देणारं पत्र आहे.

मग ती शिकवण्याकडे वळली. १९७९ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरमिअर क्लबची ती मुख्य प्रो झाली. ब्रिटनमध्ये हे पद मिळवणारी ती पहिली बाई. पुढे ती घरी परतली आणि १९९५ पासून क्लिअरव्ह्यूची मुख्य प्रो झाली. कोर्स तोवर १८ होलचा झाला होता, १९७८ पासून. आणि त्या गवताची देखभाल कोण करायचं? तिचा भाऊ लॅरी.

होप

२०११ मध्ये रेनेने एक उपक्रम सुरू केला. नाव 'होप'. सैन्यात नोकरी केलेल्या बायकांसाठी गोल्फ, पूर्णपणे फुकट. यातल्या अनेकींनी आयुष्यात कधी काठी हातात धरलेली नसते. काहींच्या शरीराला जखमा, काहींच्या मनाला. कुणाला गर्दी नको वाटते, कुणाला घराबाहेर पडणंच नको वाटतं.

गोल्फचं काय आहे माहितीये? इथे कुणी अंगावर धावून येत नाही. चेंडू जागेवर पडलेला असतो. तुम्ही तयार झालात की मारायचा. मोकळ्या जागेत चालायचं, सोबत चार जणी असतात, बोलावंसं वाटलं तर बोलायचं. ज्यांना भरलेल्या खोलीत बसून बोलणं जमत नाही, त्यांना इथे मोकळं व्हायला सोपं जातं.

आणि हे बघा, १९४६ साली एक सैनिक घरी आला तेव्हा त्याला गोल्फ कोर्सवरून परत पाठवलं गेलं. पासष्ट वर्षांनी त्याच्या मुलीने घरी परतलेल्या सैनिक बायकांना गोल्फ शिकवायला बोलावलं. या उपक्रमाबद्दल वाचताना मी इथे जरा थांबलो होतो, खरं सांगतो.

मान मिळाला, उशिरा

२००१ साली क्लिअरव्ह्यूची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. २००९ साली पीजीएने, हो, त्याच पीजीएने, बिलला आपला विशेष सेवा पुरस्कार दिला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, वयाच्या ९३ व्या वर्षी बिल गेला.

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी. तिथल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने २६० वर्षं बायकांना सभासद करून घेतलं नव्हतं. २०१४ साली मतदान झालं आणि २०१५ मध्ये पहिल्या सात मानद महिला सभासदांची नावं जाहीर झाली. त्यात राजकुमारी ॲन होती, ॲनिका सोरेनस्टॅम होती, आणि डेअरी फार्मवर वाढलेली रेने पॉवेल होती. पुढे सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने एका वसतिगृहालाही तिचं नाव दिलं.

मला विचाराल तर या सगळ्या मानांपेक्षा मोठं काय, तर क्लिअरव्ह्यूचं ते गेट. मान द्यायला मोठ्या संस्थांना पन्नास-साठ वर्षं लागली. पण १९४८ मध्ये ईस्ट कँटनमधल्या एखाद्या कामगाराला रविवारी गोल्फ खेळून बघावंसं वाटलं असेल, तर त्याला थांबावं लागलं नाही. त्याच्यासाठी कुणीतरी आधीच दगड वेचून ठेवले होते.

जाता जाता एक प्रश्न. कुठल्याही खेळाची बॅट, रॅकेट, काठी तुमच्या हातात पहिल्यांदा कुणी दिली होती? शाळेतले सर, शेजारचा दादा, आत्या, कुणीही. आज त्यांना एक फोन करा. आणि कट्ट्यावर एखादं पोरगं नुसतं उभं राहून तुमचा खेळ बघत असेल ना, तर त्याला एक ओव्हर टाकायला द्या.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.