'नाबाल' म्हणजे कोण?

देव न मानणारा माणूस चांगला असू शकतो का? हा प्रश्न विद्यार्थीही विचारतात आणि पालकही. अनेकदा उत्तर म्हणून जबूरचा, म्हणजे हजरत दाऊद यांच्या नावे असलेल्या स्तोत्रांचा दाखला दिला जातो. 'देव नाही' असे मनात म्हणणारा मूढ आहे आणि कोणीही सत्कर्म करत नाही, असे चौदाव्या स्तोत्रात सुरुवातीलाच म्हटले आहे. विषय संपला, असे वाटते. पण तो 'मूढ' या मराठी शब्दापाशी संपतो, मूळ हिब्रू शब्दापाशी नाही.

मुंबईत हिब्रू आणि मराठीचा संबंध जुना आहे. कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींनी 1796 मध्ये मांडवीत सिनेगॉग उभारले. आसपासचे लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. शब्द मुळातून तपासायची सवय या शहराला अशी लागली.

मूळ शब्द आहे 'नाबाल'. त्याचा अर्थ बुद्धीने कमी असलेला असा नाही. नीच, कृपण, निर्दय असा आहे. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात याच नावाचा एक धनवान भेटतो. दाऊदच्या माणसांनी त्याची मेंढरे राखली, पण त्यांनी अन्न मागितले तेव्हा त्याने हाकलून दिले. यशया संदेष्ट्याचा 'नाबाल' भुकेल्याला उपाशी ठेवतो. चौदाव्या स्तोत्रातही पुढे भाकरीसारखे लोकांना खाणाऱ्यांवर राग आहे. म्हणजे 'देव नाही' हे इथे तत्त्वज्ञान नव्हे. 'मला जाब विचारणारा कोणी नाही' अशी ती मग्रुरी आहे.

'कोणीही सत्कर्म करत नाही' यावर मतभेद आहेत. पौलाने रोमकरांस पत्रात ते सगळ्या मानवजातीला लावले. ज्यू भाष्यकार राशी यांनी ते नबुखद्नेस्सरच्या काळाशी जोडले. खुद्द स्तोत्रात पुढे नीतिमानांचा उल्लेख येतोच.

आपल्याला हे परके वाटायला नको. कुरआनातील सूरह माऊन विचारते, दीन नाकारणारा कोण? उत्तर मिळते, अनाथाला ढकलणारा आणि गरिबाला जेवू घालण्यास न सांगणारा. त्याच सूरहमध्ये दिखाऊ नमाज्यांनाही इशारा आहे. 'कुफ्र' या शब्दातही झाकणे आणि कृतघ्नता हे दोन्ही अर्थ आहेत.

आता परळ-लालबागकडे पाहा. 1928 च्या मोठ्या संपात लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे कम्युनिस्ट पुढारी देवाचे नाव न घेता कामगारांच्या भाकरीसाठी लढले. गिरण्यांत मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते. त्या पुढाऱ्यांच्या विचारांशी आपले जमणार नाही. ईमान ही आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाही, आणि तिचा हिशेब अल्लाहकडे आहे. पण 'नाबाल' हा शब्द त्यांच्यावर फेकण्याआधी स्तोत्राचीच कसोटी लावावी लागेल : भाकरी कोणी दिली आणि कोणी हिसकावली?

ही कसोटी नास्तिकापुरती नाही. तोंडाने अल्लाह म्हणत नोकराची मजुरी अडवणाराही मनात 'देव नाही' असेच म्हणत असतो. जबूरने आधी आपल्याच घराची झडती घ्यायला सांगितली आहे.