ताण दाखवणारा लेप

लोखंडी दांड्यात ताण नेमका कुठे साठलाय, हे नुसतं बघून कळत नाही; तडा गेला की मग कळतं. काच मात्र हे आधी सांगते. ध्रुवित प्रकाशात धरलेली काच दाबली की तिच्यात रंग उमटतात, हे 1815च्या सुमारास स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरनं दाखवलं. ताणाखाली प्रकाशाचे दोन भाग होतात, त्यातला एक मागे पडतो आणि त्या फरकातून रंग तयार होतात. 1850 मध्ये, विशीही न गाठलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं माशापासून केलेल्या सरसाची जेली पिळून तिच्यात हेच रंग पाहिले आणि त्यामागचं गणित मांडलं.

पुढे अभियंते पारदर्शक प्रतिकृतींवर काम करत राहिले. लंडनच्या कोकरनी काचेऐवजी कापायला सोपं सेल्युलॉइड घेतलं. पण खरा भाग धातूचा, अपारदर्शक. 1930 मध्ये फ्रान्सच्या मेनाजेंनी सुचवलं, की काचच त्या भागावर चिकटवा. कल्पना अचूक होती. काच मात्र ठिसूळ, वळणावर बसेना.

ही अडचण काचेऐवजी पॉलिमरचा लेप वापरून सुटली, आणि तो लेप कारखान्यांपर्यंत नेण्याचं मोठं श्रेय फेलिक्स झँडमन यांचं. ग्रोड्नोचा हा ज्यू मुलगा नाझींपासून वाचायला 17 महिने एका पोलिश कुटुंबाच्या घराखालच्या खड्ड्यात लपला होता. तिथल्या अंधारात काकांनी त्याला तोंडी गणित शिकवलं. पुढे झँडमन यांनी फ्रान्समध्ये भौतिकशास्त्राचा अभ्यास केला आणि 1950च्या दशकात हा लेप घडवला.

कृती हातकामाची आहे. द्रव इपॉक्सी सपाट पाटावर ओततात. ती अर्धवट आळून चामड्यासारखी वाकू लागली की सोलून धातूच्या भागाच्या वळणांवर हातानं दाबत बसवतात. घट्ट झाली की उचलून, ॲल्युमिनियमची पूड घातलेल्या चिकटद्रवानं पक्की करतात. प्रकाश परत फेकण्याचं काम ती पूड करते. मग ध्रुवित प्रकाशात बघत भार चढवायचा. रंग क्रमानं उमटतात: काळा, करडा, पिवळा, लाल, मग एक अरुंद जांभळा पट्टा आणि लगेच निळा. मोजमाप त्या जांभळ्यावरून, कारण ताण जरासा बदलला तरी तो लाल किंवा निळ्याकडे झुकतो. भोकांच्या कडेला आणि कोपऱ्यांत पट्टे दाटीनं येतात. भाग तुटण्याचा धोका तिथेच.

2016 मध्ये इलिनॉय विद्यापीठात ओरखडा पडताच लाल होणारा लेप तयार झाला. त्यातल्या सूक्ष्म कुप्या फुटतात आणि रंगद्रव्य बाहेर येतं. शोध उत्तम आहे, पण तो झालेली इजा दाखवतो. इजेच्या आधी ताण किती आणि कोणत्या दिशेनं आहे हे हवं असेल, तर झँडमनचा जुना लेपच वरचढ आहे.