हळद अजून औषध व्हायची आहे

फाल्गुनात अर्धापूर-वसमतकडून नांदेडला येताना शिजत्या हळदीचा वास सडकेपर्यंत येतो. नऊ महिने रानात पोसलेले कंद शिजले की नाही, हे शेतकरी काडी टोचून पाहतो. मग उन्हात वाळवण, ढोलात पॉलिश आणि पोती बाजाराला. वाळलेल्या हळकुंडात कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य असतं साधारण तीन टक्के. हळदीने कॅन्सर बरा होतो का, ही सगळी चर्चा आहे ती या तीन टक्क्यांची.

१८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए या दोन शास्त्रज्ञांनी हळदीतलं हे द्रव्य वेगळं काढलं. त्याची रासायनिक रचना कळायला १९१० उजाडलं. कॅन्सरशी त्याचं नाव जोडलं ते आपल्याच देशात: केरळात त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रातल्या रामदासन कुट्टन यांच्या गटाने १९८५ मध्ये हळदीचा अर्क पेशींवर तपासला. दोन वर्षांनी त्यांनी ६२ रुग्णांच्या उघड्या गाठींवर हळदीचा लेप लावून पाहिला. बहुतेकांची दुर्गंधी आणि खाज कमी झाली, गाठ मात्र थोड्यांचीच लहान झाली. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो.

पुढे अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट निघालं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते १९९७ मध्ये रद्द करवलं, तेव्हा आपला ऊर भरून आला. तो अभिमान रास्तच होता. पण परंपरा सिद्ध होणं वेगळं आणि गोळी सिद्ध होणं वेगळं. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आतडं आणि यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावतात, रक्तात पोचतं ते नावापुरतं. टेक्सासमधले संशोधक भरत अग्रवाल यांचे या विषयावरचे कितीतरी शोधनिबंध मागे घ्यावे लागले. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मरतात, माणसात तो गुण अजून पक्का दिसलेला नाही.

आणि ज्या झाडाला आपण कधी हळदीकुंकवाचा मान दिला नाही, ते पुढे गेलं. लातूर-नांदेडच्या अंगणाअंगणात फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यातलं व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन १९६०च्या दशकातच कॅन्सरवरचं औषध म्हणून मान्य झाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही शिरेतून देतात, तेही मोजून-मापून, कारण मात्रा चुकली तर ते जीवावर बेततं. म्हणून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर भाजीत हळद खुशाल घाला. पण केमो चालू असताना कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका आणि त्यांच्या भरवशावर केमो तर अजिबात थांबवू नका.