एक रुपयाचा जामीन

2005 साली आसाममध्ये माचांग लालुंग नावाचा 77 वर्षांचा माणूस एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. त्याला पकडलं होतं 1951 मध्ये. मधली 54 वर्षं तो आत होता आणि त्याचा खटला चाललाच नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आकडा चुकून छापलाय.

माचांग मोरीगाव जिल्ह्यातला, तिवा आदिवासी. आरोप गंभीर दुखापतीचा. मानसिक आजार आहे म्हणून त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं.

आता गंमत बघा, तेव्हाचा कायदा वाटतो तितका निर्दयी नव्हता. आपल्यावर काय आरोप आहे, वकिलाला काय सांगायचं, हेच ज्याला उमगत नाही त्याच्यावर खटला चालवायचा नाही, थांबवायचा. आणि 1898 च्या फौजदारी संहितेचं कलम 466 सांगत होतं की अशा आरोपीला कोर्ट सोडू शकतं, गुन्हा अजामीनपात्र असला तरी! फक्त कुणीतरी पुढे येऊन हमी द्यायची: मी याला सांभाळेन, हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही, बोलावलं की हजर करेन. 1973 च्या नव्या संहितेत हेच कलम 330 झालं.

एरवी जामिनाच्या वेळी प्रश्न असतो, हा पळून जाईल का? इथे प्रश्न होता, याला कुणी आहे का?

आणि कुणीच नसेल तर? तर ‘सुरक्षित ठिकाणी’ ठेवा. कधीपर्यंत, ते लिहिलेलंच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘एल्स’ लिहिला, टाइमआउट विसरले.

1967 मध्ये रुग्णालयाने कळवलं की माचांग बरा आहे. म्हणजे खटला परत सुरू व्हायला हवा होता. त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं, आणि तिथे आणखी 38 वर्षं गेली. शेवटी मानवी हक्क आयोगाने लक्ष घातलं तेव्हा तो सुटला. पुढे सुप्रीम कोर्टाने 3 लाखांची भरपाई द्यायला लावली.

हे एकट्या आसामचं नाही. 1982 च्या वीणा सेठी खटल्यात हजारीबागच्या तुरुंगातले असेच वर्षानुवर्षं अडकलेले कैदी कोर्टासमोर आले. त्याच बिहारमधला रुदुल साह तर 1968 मध्ये निर्दोष सुटला होता, तरी 14 वर्षं आतच. तुरुंगाचं उत्तर काय, तर तो वेडा होता. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड (आपले पुण्याचे) यांनी विचारलं, आधार काय? आधार काहीच नव्हता.

कलम 330 बदललं 2009 च्या शेवटी. आता रुग्णालयात भरती करायची गरज नसेल आणि एखादा मित्र किंवा नातेवाईक नियमित उपचारांची हमी देत असेल, तर जामीन. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 369 आहे. भाषा सुधारली, उपचार आले. पण तो ‘मित्र किंवा नातेवाईक’ अजून लागतोच.

हा विषय मी का उकरून काढला? तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने गोळ्या बंद केल्या आणि महिन्याभरात एका दुकानदाराचं डोकं फोडलं. कोर्टात त्याच्याकडे न बघता मॅडमनी मागे बसलेल्या आम्हाला विचारलं, “याच्या औषधांचं कोण बघणार?” काका उठले. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्या पोटात गोळा आला. सही झाली, जामीन मिळाला.

परतताना रिक्षात भाऊ मध्ये झोपलेला. काका त्याच्यावरून वाकून मला म्हणाले, “माझ्यानंतर सही तू करशील ना रे?”

मी हो म्हणालो. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही. हा एपिसोड ती ऐकेलच.