कूगरची शिकार (माग व आवाज पद्धती)

कूगर (प्यूमा, माउंटन लायन) या मार्जार कुलातील प्राण्याची कुत्र्यांविना केली जाणारी शिकार. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत कुत्री सोडून कूगरला झाडावर चढवण्याची प्रथा जुनी आहे. ऑरेगनने १९९४ मध्ये व वॉशिंग्टनने १९९६ मध्ये सार्वमताने तिच्यावर बंदी घातल्यावर तेथे माग काढण्याच्या व आवाजाने बोलावण्याच्या पद्धतींना महत्त्व आले.

माग काढण्यास ताजे बर्फ सोयीचे असते. पंजाचा ठसा गोलसर, सु. ८-९ सेंमी. रुंद असतो, नखे सहसा उमटत नाहीत आणि तळव्याच्या गादीची मागील कड त्रिखंडी दिसते. पाला, माती वा बर्फाखाली झाकलेले हरणाचे धूड ही कूगर जवळपास असल्याची खूण होय. अशा जागी शिकारी वाऱ्याची दिशा पाहून, पाठीशी झाड वा खडक घेऊन दडून बसतो आणि शिटीने जखमी सशाचा किंवा हरणाच्या पाडसाचा आक्रोश काढतो. कूगर दबकत, सावकाश येत असल्याने तासभरही थांबावे लागते.

ठिपकेदार पिल्ले व त्यांच्यासोबतची मादी यांना बहुतेक राज्यांत संरक्षण आहे. कॅलिफोर्नियात १९९० च्या सार्वमतानुसार हौशी शिकारीस बंदी आहे.